तापलेल्या इंजिनाचे पहिले वाचन

साहित्याच्या वर्गात एक वाक्य मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे : 'अर्थ सांगण्याची घाई करू नका, आधी संहिता काय म्हणते ते नीट पाहा.' विद्यार्थी हे वाक्य वहीत उतरवून घेतात आणि पुढच्याच तासाला कवितेचा अर्थ सांगून मोकळे होतात. त्यांना हसण्याचा अधिकार आता मला उरलेला नाही. २०२३ सालच्या मे-जून महिन्यांत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये, सदतीस वर्षे जुन्या मोटरसायकलीपुढे स्टुलावर बसून हेच वाक्य मला नव्याने शिकावे लागले. त्याची ही हकिकत. यंत्राचा तपशील तीत बराच आहे. तो गाळून लिहून पाहिले, पण मग सांगण्यासारखे फारसे उरेना. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. आमचे बालपण कोल्हापुरातले. उद्यमनगरात वडिलांच्या एका स्नेह्यांचे लहानसे वर्कशॉप होते. शाळा सुटली की मी वाचनालयाकडे वळे आणि दादा लेथकडे. घरात एक जुनी येझदी होती. आंबा घाट चढून वर आलो की दादा ती कडेला लावी आणि इंजिन निवेपर्यंत तिच्याशेजारी उकिडवा बसे. तापलेला धातू आकसू लागला की 'टिक्... टिक्...' असा बारीक आवाज येतो, तो मला ऐकायला लावी. एकदा मी तांब्याभर पाणी इंजिनावर ओतायला निघालो, तर त्याने मनगट धरले. "तापलेल्यावर पाणी घालू नये. तडकतं. त्याचं त्याला निवू दे." येझदीला पाण्याचे काम नव्हते. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ फिन्स, त्यांवरून वाहणारा वारा; उष्णता वाऱ्याबरोबर जायची. चालत राहणे हेच तिचे थंड होणे होते.

पुढे दादा अभियंता होऊन अमेरिकेत गेला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने ही गाडी घेतली : १९८६ सालची होंडा सीआर २५० आर. रस्त्यावरची नव्हे, धुळीतली गाडी. दिवा नाही, हॉर्न नाही, पुढे पाटीवर शर्यतीचा क्रमांक. अमेरिकेतल्या मोटोक्रॉसच्या इतिहासात हे साल महत्त्वाचे मानतात. कारखान्यांच्या अधिकृत चमूंनीही विक्रीला ठेवलेल्या गाड्यांवर आधारलेल्याच गाड्या शर्यतीत उतरवाव्यात, हा नियम त्या वर्षापासून लागू झाला, आणि दुकानात मिळणाऱ्या गाडीला एकाएकी प्रतिष्ठा आली. या घराण्याची मूळ गाडी १९७३ सालची. तिला होंडाने 'एल्सिनोर' हे नाव दिले होते, कारण कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर या गावी धुळीतली एक मोठी शर्यत होत असे. त्या गावाचे नाव शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधल्या एल्सिनोरवरून पडले असे सांगतात. दादाच्या घरापासून ते गाव तासाभराच्या अंतरावर. एकदा फोनवर तो म्हणाला होता, "तुझ्या हॅम्लेटच्या गावाला जाऊन आलो. किल्ला कुठं दिसला नाही. नुसती धूळ."

मूळची एल्सिनोर आमच्या येझदीसारखीच वाऱ्यावर थंड होणारी होती. १९८१ साली होंडाने २५० सीसीच्या सीआरला पाणी दिले. लहान इंजिनातून अधिक शक्ती काढायची तर अधिक उष्णता निघणार, आणि धुळीत, चिखलात, कमी वेगात नुसत्या वाऱ्याच्याने ती आवरत नाही. सिलिंडरभोवती पोकळी करून तीत पाणी खेळवायचे, ते तापले की रेडिएटरमध्ये न्यायचे, वाऱ्याने निववून परत आणायचे, अशी ही योजना. शक्ती वाढली, पण पूर्वी जे सगळे उघड्यावर होते ते आता आत गेले. फिन्समध्ये चिखल अडकला तर डोळ्यांना दिसतो. पाण्याच्या वाटेवर काय बिघडले ते तर्काने शोधावे लागते.

दादा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. हृदयविकाराचा झटका, इस्पितळात नेईपर्यंतही अवकाश मिळाला नाही. व्हिसा वेळेवर झाला नाही, अंत्यविधी मी पडद्यावर पाहिला. त्यानंतर वर्षभराने एकदा वहिनींचा फोन आला. "तो कामावरून येतो तो थेट गॅरेजमध्ये जातो. जेवायला हाका माराव्या लागतात. कुणाशी बोलत नाही. सुट्टीत तुम्ही एकदा येऊन जा." तो म्हणजे माझा पुतण्या. वय चोवीस.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. गाडी स्टँडवर उभी होती. भिंतीशी दोन जुने रेडिएटर टेकवून ठेवलेले, एका खोक्यात जुने होज पाइप आणि क्लिपा. तो म्हणाला, "काका, मी सगळं नवीन टाकलं. कॅप, कूलंट, होज, मग दोन्ही रेडिएटर. तरी ती उकळते. शेवटच्या वेळी इंजिन धरलंच. मी बाबांची गाडी मारली."

कोल्हापुरात 'गाडी मारली' म्हणजे चालवली. त्याने मात्र इंग्रजीतले क्रियापद तसेच्या तसे उचलून मराठीत ठेवले होते, आणि त्याचा चेहरा पाहिल्यावर दुरुस्ती करण्याचा माझ्यातल्या मास्तरला धीर झाला नाही. वडील गेलेले, मुलगा त्या मृत्यूचा जाब कुणाला तरी विचारू पाहतो आहे, आणि घरात काका येऊन राहिलेला! एल्सिनोरच्या घराण्यातल्या गाडीपुढे ही मांडणी इंग्रजीच्या कुणाही शिक्षकाला अस्वस्थ करील. फरक एवढाच, की हॅम्लेट पुरावा शोधत राहतो, नाटकात नाटक घडवून संशयाची परीक्षा पाहतो. या मुलाने गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता. तो गुन्हेगार म्हणजे तो स्वतः. काकाही सर्वस्वी निर्दोष नव्हता. पण त्याविषयी पुढे.

* * *

मला यंत्रातले कळत नाही. दादाच्या हाताखाली पाने देण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. पुतण्याला पुष्कळ कळत होते, पण ते सगळे एकदम कळत होते, हीच अडचण होती. मग मला जे एकच काम येते ते मी सुरू केले : प्रश्न विचारायचे आणि उत्तरे कागदावर लिहायची.

"उकळते म्हणजे नेमकं काय होतं? कधी होतं?"

त्याला हा प्रश्न बाळबोध वाटला असावा. पण उत्तर देता देता तो थांबला. या गाडीला पंखा नाही, थर्मोस्टॅट नाही. दोन बाजूंना दोन रेडिएटर, एक छोटा पंप, बाकी सगळी भिस्त समोरून येणाऱ्या वाऱ्यावर. तेव्हा ती उभ्या-उभ्या चालू ठेवली तर काही मिनिटांत उकळणारच. तो तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. रेडिएटर काठोकाठ भरला तर तापून फुगलेले थोडे पाणी नळीवाटे बाहेर पडणारच. तोही दोष नव्हे. दोष म्हणायचा तो वारा लागत असताना, गाडी चालती असताना उकळली तर.

मग आम्ही तिन्ही प्रसंग वेगवेगळे लिहिले. पहिल्या वेळी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दादा गेल्यानंतर प्रथमच गाडी बाहेर काढली तेव्हा, मित्राची वाट पाहत तो दहा मिनिटे ती एका जागी गुरगुरत ठेवून उभा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मात्र ती चालताना उकळली, वाळूच्या कोरड्या ओढ्यात, पंधरा-वीस मिनिटांनी. म्हणजे पहिले उकळणे हा आजारच नव्हता! पण त्या पहिल्या प्रसंगानेच 'कूलिंगचा बिघाड' हे नाव पडले, आणि पुढचे सगळे त्या नावाखाली वाचले गेले. समीक्षेत हे आपण रोज पाहतो. एखाद्या कवीला एकदा 'दुर्बोध' म्हटले की त्याची सोपी ओळही आपण दुर्बोध करूनच वाचतो.

दुसऱ्या दिवसापासून क्रम ठरवला. बाहेरून आत जायचे, स्वस्ताकडून महागाकडे जायचे, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि जे निर्दोष ठरेल त्याच्यापुढे तसे लिहायचे.

प्रथम कॅप. रेडिएटरची कॅप हे नुसते झाकण नसते, ती झडप असते. आत साधारण १.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब होईपर्यंत ती उघडत नाही. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेऊन असल्या दाबाखाली ठेवले की त्याचा उत्कलनबिंदू १२५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो. कॅपचे रबर गेले, दाब धरेनासा झाला, तर इंजिन एरवीइतकेच तापूनही पाणी लवकर उकळते. पुतण्याने हातपंपाची तपासणी-यंत्रणा मित्राकडून आणली. नव्या कॅपने दाब धरला. मग मी सहज म्हटले, खोक्यातली जुनी लाव. तिनेही धरला. तो त्या जुन्या कॅपकडे बघत राहिला.

त्याच पंपाने सगळ्या वाटेवर दाब दिला. काटा खाली आला नाही. होज, क्लिपा, सांधे कोरडे. पंपाच्या आवरणाखाली एक बारीक छिद्र असते, ते त्याने टॉर्च धरून दाखवले. पंपाच्या दांड्यावर दोन सील : एक पाणी अडवते, एक तेल. दोहोंच्या मध्ये हे छिद्र. कोणतेही एक सील गळू लागले की तिथून थेंब बाहेर यावा, म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. यंत्र बांधणाऱ्याने पुढच्या वाचणाऱ्यासाठी ठेवलेली ही खूण मला फार आवडली. छिद्र कोरडे होते. गिअरचे तेल काढून पाहिले. त्यात पाणी शिरले असते तर ते दुधाळ झाले असते. ते स्वच्छ होते. पंपाचे झाकण उघडले. आतली पाती शाबूत, दांड्यावर घट्ट. जुन्या रेडिएटरमधून बागेच्या नळीने पाणी सोडून पाहिले, तर ते खळखळून बाहेर आले. म्हणजे तेही निर्दोष.

मग हेड गॅस्केट. सिलिंडर आणि त्याचे डोके यांच्यामधले हे गॅस्केट फुटले तर जळलेला वायू पाण्यात घुसतो, गाडी सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात; किंवा पाणी सिलिंडरमध्ये जाऊन धुराड्यातून गोडसर वासाची पांढरी वाफ निघते. मिनिटभर इंजिन चालवून पाहिले. बुडबुडे नाहीत, तो वास नाही. शिवाय तिसऱ्या वेळी त्याने बाहेर पडणाऱ्या नळीला बाटली बांधली होती, आणि रेडिएटरमधले जितके पाणी कमी झाले जवळजवळ तितकेच बाटलीत होते. गळती कुठेच नव्हती.

चार दिवसांत कागदावर सात-आठ ओळी झाल्या होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'निर्दोष' असे लिहिले होते. पुतण्या वैतागला. "सगळंच ठीक आहे तर मग ती उकळते कशी?" मीही निरुत्तर होतो. पण रात्री त्या ओळी पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. पाणी उष्णता निर्माण करत नाही, ते ती वाहून नेते. वाट मोकळी असेल, पंप फिरत असेल, दाब टिकत असेल, आणि तरीही पाणी उकळत असेल, तर त्या बिचाऱ्याला पेलवणार नाही इतकी उष्णता कुणीतरी त्याच्या हवाली करत आहे. आम्ही निरोप्याची झडती घेत होतो. निरोप पाठवणारा निराळाच होता.

* * *

मिनिटभर इंजिन चालवले तेव्हा आणखी एक गोष्ट घडली होती. मी ती ऐकली होती, पण ती महत्त्वाची आहे हे मला कळले नव्हते. रेस सोडल्यावर आवाज चटकन खाली न येता क्षणभर वरच रेंगाळला होता. दुसऱ्या दिवशी हे सांगताच पुतण्याने काही न बोलता प्लग काढला. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण योग्य असेल तर प्लगच्या टोकाचे चिनी मातीचे आवरण तपकिरी होते. हे पांढरेफटक होते. इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत होते. अशा मिश्रणाने इंजिन अधिक तापते. आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी.

"पण कार्ब्युरेटर मी पूर्ण साफ केला होता. जेटसुद्धा मॅन्युअलप्रमाणे बसवलं," तो म्हणाला.

"आधी मॅन्युअलप्रमाणे नव्हतं?"

तो घरात गेला आणि दादाची वही घेऊन आला. तेलकट बोटांचे ठसे उमटलेली, खिशात मावेल अशी वही. दादाने तीत सगळे मराठीत लिहिले होते. पुतण्याला मराठी बोलता येते, वाचताना अडखळायला होते. त्यामुळे त्याने त्यातले आकडे तेवढे पाहिले होते. मी वाचून दाखवले. ऑक्टोबर २०२१ : 'मेन जेट एक नंबर वाढवला. बरी वाटते.' डिसेंबर : 'पुन्हा एक वाढवला. रेस उतरायला वेळ लागतो. बघणे.' त्यापुढे काही नव्हते.

मेन जेट वाढवला म्हणजे पेट्रोलचे भोक मोठे केले. कुठून तरी जादा हवा आत येत होती. तिच्यामुळे मिश्रण पातळ होई. दादा पेट्रोल वाढवून त्याची भरपाई करत होता. गाडी बरी वाटे. दुखणे तसेच राही. पुढे गाडी नऊ-दहा महिने उभी राहिली, पेट्रोल वाळून कार्ब्युरेटर चिकटला, पुतण्याने तो मनोभावे साफ केला आणि जेट छापील आकड्यावर आणून ठेवला. त्याने नियमाप्रमाणे केले, आणि त्या नियमाने दादाची भरपाई पुसली गेली. हस्तलिखितातला वेगळा पाठ म्हणजे नकलनविसाची चूक, असे समजून तो 'शुद्ध' करणाऱ्या संपादकासारखेच हे झाले.

हवा कुठून येत होती हे शोधणे आता सोपे होते. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तिथून वर ढकलले जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकशाफ्ट जिथे दोन बाजूंना बाहेर येतो तिथे रबरी सील असतात. उजवे सील गिअरच्या तेलात भिजलेले. ते गेले तर इंजिन ते तेल पिऊ लागते आणि धुराचे लोट निघतात; साऱ्या गल्लीला कळते. डावे सील मॅग्नेटच्या बाजूला, कोरड्यात. ते गेले तर नुसती हवा आत येते. हवेला रंग नाही, वास नाही, डाग नाही. आम्ही कार्ब्युरेटर आणि धुराड्याची तोंडे बंद करून आत ६ पीएसआयच्या आसपास दाब दिला. याहून फार दाब दिला तर चांगले सीलही उलटते. काटा हळूहळू उतरू लागला. साबणाचे पाणी फवारताच डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या मागून, बारीक फेस फुलत आला.

सील काढले तेव्हा ते बोटांत अजिबात वाकले नाही. ओठ नखासारखा कडक झालेला. नव्या रेडिएटरच्या जोडीपुढे त्याची किंमत म्हणजे काहीच नाही. सिलिंडर उतरवून पाहिला. पिस्टनवर ओरखडे होते, सिलिंडर वाचला होता. पिस्टन, गॅस्केट आणि दोन्ही सील नवी घालायची ठरली.

* * *

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ते कडक सील हातात घेऊन पुतण्या बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने गाडीविषयी बोलणे सोडून दिले.

दादाचा डावा खांदा दुखत असे. शेवटचे दीड-दोन महिने. गाडीला किक मारताना दुखे, थोडे बसले की थांबे. याच खांद्यावर तो पूर्वी एकदा गाडीवरून पडला होता. घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला तो सरळ होता : जुनी इजा आणि वाढते वय. पुतण्या त्याला म्हणे, "बाबा, किक मी मारतो, तुम्ही नुसते बसा." त्याने बर्फाच्या पिशव्या आणल्या, पट्टा आणला. "मी खांद्यालाच ट्रीट करत राहिलो, काका. रेडिएटरसारखं." हे वाक्य त्याने वर्षभर मनात धरले होते.

हृदयाकडून आणि खांद्या-दंडाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि हृदयाची कळ खांद्यात, हातात, जबड्यात जाणवते. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने थांबणारी कळ म्हणून तर अधिक संशयास्पद. हे आज आम्हा दोघांनाही पाठ आहे. आज.

आणि मग जे सांगण्यासाठी मी खरे तर आलो होतो, आणि पंधरा दिवस जे सांगायचे टाळत होतो, ते सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये दादाने मला फोनवर खांद्याविषयी सांगितले होते. म्हणाला होता, किक मारताना जीव थोडा घाबरा होतो. मी हसून म्हटले होते, "आता गाडी विक आणि पुस्तकं वाच." शब्दांवर पोट भरणारा मी, 'जीव घाबरा होतो' हे शब्द माझ्या कानांवरून गेले आणि मी त्यावर विनोद केला. वर्गात एखाद्या कवितेत हे शब्द आले असते तर मी त्यांवर पाऊण तास बोललो असतो.

पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला. तो रागावला असता तरी मला चालले असते. थोड्या वेळाने म्हणाला, "पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तुला तरी कसं कळणार होतं?"

त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मी मनाशी जे जुळवत होतो ते इथे मांडतो. सोफोक्लिझचा राजा ईडिपस पाहताना प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो, म्हणून पहिल्या प्रवेशापासून प्रत्येक वाक्य त्याला खूण वाटते. ईडिपसला मात्र ते नाटक पहिल्यांदाच जगायचे असते. आपण एखादी कादंबरी दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा सुरुवातीच्या पानावरचा खोकलाही मृत्यूची सूचना देतो. पहिल्या वाचनात तो नुसता खोकला असतो. अपराधी भावनेचा बराचसा भाग, मला वाटते, या गल्लतीतून येतो. पुनर्वाचनात मिळालेले ज्ञान घेऊन आपण पहिल्या वाचनाचा न्याय करायला बसतो आणि स्वतःला फाशी सुनावतो. दादानेही स्वतःचे तेच केले होते. जेट वाढवला, बाम लावला, दोन्हीकडे बरे वाटले. त्याच्या वहीतले 'बघणे' हे क्रियापद अर्ध्यावर राहिले, यात कुणाचा गुन्हा नाही.

याचा अर्थ वाचनाची जबाबदारीच नाही असे नव्हे. मी ते शब्द ऐकले होते, आणि थांबून एक प्रश्न विचारू शकलो असतो : 'घाबरा होतो म्हणजे नेमकं काय होतं? कधी होतं?' गाडीला जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, तो भावाला विचारला नाही. ही खंत मी बाळगणार आहे. पण ती खंत आहे, शिक्षा नव्हे, आणि ती माझ्या वाट्याची आहे. त्या मुलाच्या नव्हे. राहता राहिली डावे सील आणि डावा खांदा ही जुळणी. लिहिणाऱ्याला असल्या जुळण्यांचा मोह होतो, म्हणून स्पष्ट लिहितो की तिला काही अर्थ नाही. यंत्राला दाब देऊन बुडबुडे शोधता येतात, नवे सील घालता येते. माणसाच्या बाबतीत हा उपमेचा खेळ इथेच थांबतो.

* * *

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, परतण्याच्या चार दिवस आधी, आम्ही गाडी बाहेर नेली. पहाटेच, ऊन चढण्यापूर्वी. पुतण्याने ती सुरू केली आणि एका जागी फार वेळ उभी ठेवली नाही. आधी हळू, मग थांबून निववणे, पुन्हा थोडी वेगात, पुन्हा निववणे. नवा पिस्टन असाच वळणावर आणतात. शेवटी तो वाळूच्या ओढ्यात पंचवीस मिनिटे फिरून आला. नळीला बांधलेल्या बाटलीत चमचाभर पाणी होते. रेस सोडताच आवाज चटकन खाली उतरला.

त्याने इंजिन बंद केले. आम्ही दोघे कडेला बसलो. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. टिक्... टिक्...

"हे काय वाजतं?" मीच विचारले.

"निवतेय," तो म्हणाला. "बाबा ऐकायला लावायचे."

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने दादाची वही उघडली, डिसेंबरच्या नोंदीखाली तारीख घातली आणि अक्षर अक्षर जुळवत देवनागरीत लिहिले : 'डावे सिल बदलले. जेट मॅन्युअल प्रमाने. उकळत नाही.' वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "काका, बरोबर आहे ना?"

तीन छोट्या वाक्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी म्हटले, "बरोबर आहे."